‘तो तर मेला ना?’ : वीस वर्षं चालणाऱ्या गेमची गोष्ट कोण लक्षात ठेवतं?

ऑक्टोबर २०१०. अमेरिकेतल्या अ‍ॅनाहाइम शहरात ब्लिझार्ड या गेम कंपनीचं संमेलन भरलं होतं. व्यासपीठावर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची कथा ठरवणारी मंडळी बसलेली, समोर श्रोते आणि माइकपुढे प्रश्न विचारणाऱ्यांची रांग. रांगेतून लाल शर्ट घातलेला एक तरुण पुढे आला. दीड-दोन महिन्यांत गेमचा नवा भाग येणार होता आणि त्यात बुटक्यांचं, म्हणजे त्या जगातल्या ‘ड्वार्फ’ जमातीचं, राज्य तीन कुळांच्या परिषदेकडे जाणार होतं. तरुणाचा प्रश्न साधा होता. वाइल्डहॅमर कुळाच्या वतीनं परिषदेत कुर्ड्रान बसणार असं दिसतंय, मग फॉल्स्टॅडचं काय झालं?

व्यासपीठावरून प्रतिप्रश्न आला : तो तर मेला ना?

नाही, तरुण म्हणाला. तो जिवंत आहे. गेम सुरू झाल्यापासून आपल्या गडावर कुळाचा म्होरक्या म्हणून उभा आहे.

टाळ्या पडल्या, व्यासपीठावरच्यांनी चूक कबूल केली आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. बहुतेकांना त्यात गंमत दिसली. पण थोडा विचार केला तर प्रकार चक्रावून टाकणारा आहे. ज्यांनी हे जग उभं केलं त्यांनाच आपला माणूस जिवंत आहे की मेला हे ठाऊक नाही, आणि प्रेक्षकांतल्या एका मुलाला ते तोंडपाठ आहे. हे घडतं कसं? ‘लेखक बेफिकीर आहेत’ हे उत्तर खेळाडूंच्या जिभेवर कायम तयार असतं. मला ते बहुतेक वेळा चुकीचं वाटतं. अडचण त्याहून खोल आहे, आणि ती समजायला हे गेम मुळात चालतात कसे तिथपासून सुरुवात करावी लागते.

## आधी तीन शब्द

हजारो लोक इंटरनेटवरून एकाच वेळी ज्या एका काल्पनिक जगात वावरतात, त्या गेमबद्दल आपण बोलतोय. याचं बीज १९७८ सालचं. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी ‘मड’ नावाचा निव्वळ अक्षरांचा खेळ रचला. चित्र नाही, आवाज नाही, फक्त ‘तू एका अरुंद रस्त्यावर उभा आहेस’ छापाची वाक्यं. पुढे १९९७मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि नोव्हेंबर २००४मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले. हे तिन्ही आजही चालू आहेत.

अशा जगाचा जो इतिहास, भूगोल, देवदेवता, वंशावळ्या, जुनी युद्धं असतात, त्या सगळ्याला खेळाडू ‘लोर’ म्हणतात. त्या जगाचं पुराणच म्हणा. हे पुराण एका ग्रंथात बांधलेलं नसतं. थोडं एखाद्या पहारेकऱ्याच्या बोलण्यात, थोडं तलवारीखालच्या दोन ओळींच्या वर्णनात, थोडं पडक्या देवळातल्या शिलालेखात, आणि बाकीचं गेमबाहेरच्या कादंबऱ्यांत असं ते विखुरलेलं असतं.

या पसाऱ्यातलं जे कंपनीनं खरं म्हणून मान्य केलंय ते ‘कॅनन’. आणि आधी खरं म्हणून सांगितलेलं नंतर बदलणं, तेही जणू पहिल्यापासून असंच होतं असं दाखवून, याला म्हणतात ‘रेटकॉन’. मराठीत याला ‘सारवासारव’ असा चपखल शब्द आहे, पण तो जरा दोष देणारा आहे आणि प्रत्येक रेटकॉन दोषास्पद नसतो. तेव्हा मी तटस्थपणे ‘मागाहून केलेला बदल’ म्हणेन आणि जिथे खरोखर सारवासारव आहे तिथेच तो शब्द वापरेन.

## राहत्या घरावर मजले चढवणं

कादंबरी म्हणजे बांधून झालेलं घर. लेखकानं किल्ली हातात दिली, आपण आत गेलो. भिंत वाकडी असेल तर वाकडी, पण ती उद्या सकाळी जागा बदलणार नाही.

ऑनलाइन गेम हे राहतं घर आहे. लोक आत झोपलेत, जेवतायत, भांडतायत आणि वर मजले चढतायत. ज्यानं पाया घातला तो गवंडी कधीच दुसऱ्या कामावर गेला. दुसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्याला पहिल्या मजल्याचा नकाशा मिळालाय, पण त्या नकाशात नसलेली एक खिडकी कुणीतरी मध्येच फोडून ठेवलीय. आणि त्या खिडकीत गेली सहा वर्षं कुणीतरी कुंडी ठेवून फुलझाड वाढवलंय.

फॉल्स्टॅड ही तशी खिडकी होती. त्याची मूळ गोष्ट गेमच्या बाहेर, एका कादंबरीत. गेममध्ये तो एका कोपऱ्यातल्या गडावर उभा. नव्या भागाचे लेखक मोठ्या घडामोडींत गुंतलेले : राजा मॅग्नीचा हिऱ्याचा पुतळा होतो, तीन कुळं एकत्र येतात, वगैरे. शेकडो लोकांच्या कारखान्यात त्या कोपऱ्यातल्या गडावर शेवटचं कोण गेलं होतं? बहुधा कुणीच नाही. खेळाडू मात्र रोज जात होते.

## आगच विझत नाही

कथेला वेळ लागतो. काल युद्ध होतं, आज तह झाला, उद्या दगा होईल. पण गेममध्ये आज आलेल्या नवख्यालाही युद्ध लढायला मिळालं पाहिजे आणि काल लढून गेलेल्यालाही जगात वावरता आलं पाहिजे. म्हणून एखाद्या गावाला लागलेली आग वर्षानुवर्षं जळत राहते. तुम्ही ती विझवता, गावकरी तुमचे आभार मानतात, तुम्ही पाठ फिरवता आणि मागे पुन्हा धूर दिसतो.

त्यात भर म्हणजे प्रत्येक जण नायक. ज्या महाभयंकर राक्षसाला ‘तू एकट्यानं मारलंस’ असं म्हणून राजा तुमचा सत्कार करतो, त्याला तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या चाळीस जणांनीही मारलंय आणि तेही सत्काराच्या रांगेत आहेत.

कथा पुढे न्यायची तर जग बदलावं लागतं आणि जग बदललं की काळ विस्कटतो. याचं सगळ्यांत गमतीदार उदाहरण वॉरक्राफ्टमध्येच घडलं. २०१०च्या अखेरीस डेथविंग नावाच्या ड्रॅगननं जुनं जग भाजून काढलं. नद्या फिरल्या, वाळवंटात पाणी घुसलं आणि त्या भागातल्या जवळजवळ सगळ्या मोहिमा नव्यानं लिहिल्या गेल्या. पण नवख्या खेळाडूची वाट अशी होती : आधी हे जुनं जग, मग २००७चा आउटलँड, मग २००८चा नॉर्थरेंड. हे पुढचे दोन भाग कंपनीनं जवळपास तसेच ठेवले होते.

याचा परिणाम बघा. तुम्ही ऑर्क या लढवय्या जमातीतले नवखे आहात. राजधानी ऑर्ग्रिमारमध्ये सरसेनापती गॅरॉश गर्जना करतोय आणि तुम्ही त्याच्या हुकमावर लढताय. चांगले तरबेज होऊन तुम्ही आउटलँडमधल्या नाग्रांडच्या गवताळ माळावर पोचता, आणि तिथे एक खचलेला तरुण भेटतो. बापाच्या बदनामीच्या ओझ्याखाली दबलेला, कुळाचं नेतृत्व करायची हिंमत नसलेला. नाव गॅरॉश. म्हणजे ज्याच्या हुकमावर तुम्ही निघालात, त्याचा आत्मविश्वास जागा होण्याचा प्रसंग तुम्ही नंतर पाहता! जुन्या खेळाडूला यात काही खटकत नाही, कारण त्यानं दोन्ही गोष्टी आपापल्या वेळी पाहिल्या. नवखा मात्र डोकं खाजवत बसतो. कंपनीनं यावर गेमच्या आतला इलाज काढला तो २०२०मध्ये. क्रोमी नावाचं एक कालप्रवासी पात्र तुम्हाला विचारतं, कुठल्या काळात जायचंय? मग तुम्ही एकाच काळातली गोष्ट सलग खेळू शकता. उशिरा का होईना, इलाज मला आवडला, कारण अडचण लपवण्याऐवजी तिलाच एक पात्र मिळालं.

‘गिल्ड वॉर्स २’नं दुसरं टोक गाठलं. २०१३-१४मध्ये त्यांनी कथेचा पहिला हंगाम खरोखर घडून जाऊ दिला. प्रसंग आला, झाला, संपला. लायन्स आर्च हे मुख्य शहर खेळाडूंच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झालं. जे हजर होते ते आजही त्या दिवसांबद्दल हरखून बोलतात. जे नंतर आले त्यांना दिसली नुसती पडझड, आणि ती कुणी केली हे सांगणारे प्रसंग गेममधून गायब. मालिकेचा पहिला हंगाम मिळतच नाही, दुसऱ्यापासून बघा, असं सांगितल्यासारखं झालं. तो हंगाम टप्प्याटप्प्यानं कायमचा परत आला तो २०२२मध्ये.

## फुटलेल्या मण्याची युक्ती

या सगळ्यात माझं आवडतं उदाहरण मात्र सगळ्यांत जुन्यांपैकी आहे. अल्टिमा ऑनलाइन बनत असताना एक तांत्रिक अडचण आली. सगळे खेळाडू एका सर्व्हरवर मावणार नव्हते. सर्व्हर म्हणजे जिथे ते जग प्रत्यक्षात चालतं तो संगणक. तेव्हा त्याच जगाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर चालवाव्या लागणार होत्या. आता एकच राज्य, एकच राजा, पण प्रती डझनभर. हे गोष्टीत बसवायचं कसं?

त्यांनी १९८१च्या पहिल्या अल्टिमा गेमकडे वळून पाहिलं. त्यात माँडेन नावाचा दुष्ट मांत्रिक होता, त्याच्याकडे अमरत्व देणारं एक रत्न होतं आणि नायकानं माँडेनला संपवलं तेव्हा ते रत्न फुटलं. नवी कथा अशी जुळवली की त्या रत्नात सगळ्या जगाचं प्रतिबिंब होतं आणि ते फुटल्यावर प्रत्येक तुकड्यात जगाची एकेक प्रत अडकली. तुम्ही ज्या सर्व्हरवर खेळता तो असाच एक तुकडा. इंग्रजीत तुकड्याला ‘शार्ड’ म्हणतात, आणि गेमच्या दुनियेत सर्व्हरला ‘शार्ड’ म्हणायची रीत इथूनच रुळली.

हाही मागाहून केलेलाच बदल. १९८१मध्ये ते रत्न फोडताना कुणाच्या मनात सर्व्हर नव्हते. पण इथे जुनं काहीच खोटं पडलं नाही. जुन्या घटनेला एक नवा अर्थ मिळाला इतकंच. ज्यानं जुना गेम खेळला होता त्याला फसवल्यासारखं वाटण्याऐवजी ‘अरेच्चा, म्हणजे ते माझ्यामुळे झालं!’ असं वाटलं. मागाहून बदल करायचाच असेल तर तो असा करावा.

## आणि आता चुकलेला बदल

असं कायम जमत नाही. वॉरक्राफ्टच्या पुराणात सार्गेरस नावाचा एक महायोद्धा आहे. तो आधी विश्वाचा रक्षक होता, नंतर बिघडला आणि सैतानी सैन्याचा अधिपती झाला. का बिघडला? २००२ साली ‘वॉरक्राफ्ट ३’सोबत आलेल्या पुस्तिकेनं सांगितलं होतं की एरेडार नावाच्या मुळातच दुष्ट जमातीशी लढता लढता, त्यांचा दुष्टपणा पाहून त्याचं मन ढासळलं.

२००७च्या जानेवारीत गेमचा पहिला मोठा नवा भाग आला आणि त्यात ड्रेनाय ही नवी जमात खेळायला मिळाली. त्यांची गोष्ट अशी : एरेडार हे आर्गस ग्रहावरचे सुसंस्कृत, विद्वान लोक. बिघडलेला सार्गेरस त्यांच्याकडे आला, सत्तेचं आमिष दाखवलं, बहुतेक जण भुलले. वेलेन नावाचा नेता भुलला नाही. तो आपल्या माणसांना घेऊन पळाला, आणि तेच हे ड्रेनाय.

गोष्ट म्हणून ही जुनीपेक्षा कितीतरी चांगली आहे. पण कोंबडी आधी की अंडं आधी, ते उलटं झालं. आधी एरेडारांनी सार्गेरसला बिघडवलं होतं, आता सार्गेरसनं एरेडारांना बिघडवलं. खेळाडूंनी जुनी पुस्तिका उघडून दाखवली.

तेव्हाचे कथाप्रमुख ख्रिस मेट्झेन यांनी जे केलं ते या धंद्यात क्वचित होतं. त्यांनी जाहीरपणे लिहिलं की ती जुनी माहिती आपणच चारेक वर्षांपूर्वी लिहिली होती आणि नवं लिहिताना आपण ती चक्क विसरलो. कुठली गूढ भविष्यवाणी नाही, ‘हे सगळं आधीपासून ठरलं होतं’ नाही. विसरलो, चूक झाली, पण नवी गोष्ट पुढे न्यायला चांगली आहे म्हणून तीच ठेवतोय. लोक चिडले, थोडे दिवस कुरकुरले आणि मग ड्रेनाय खेळायला लागले. आज ती जमात त्या गेमच्या लाडक्या जमातींपैकी आहे.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहा. २०१६पासून त्याच कंपनीनं जगाचा समग्र इतिहास ग्रंथरूपानं काढायला सुरुवात केली. सगळे घोळ मिटवणारा अधिकृत इतिहास म्हणूनच वाचकांनी तो हाती घेतला. काही वर्षांनी नव्या कथेला तो इतिहास अडचणीचा ठरू लागला तेव्हा खुलासा आला की तो इतिहास टायटन या देवसदृश जमातीच्या नजरेतून सांगितलेला आहे, म्हणजे अंतिम सत्य नव्हे. आता, इतिहास कुणाच्या तरी नजरेतून असतोच, हे खरं. पण हे पहिल्या पानावर सांगितलं असतं तर ती कल्पना ठरली असती. अडचण आल्यावर सांगितलं, म्हणून मी इथे सारवासारव हा शब्द वापरतो.

## मग सगळ्याच कथनकारांना खोटारडं ठरवलं तर?

‘एल्डर स्क्रोल्स’ या गेमच्या मालिकेनं हे फार आधीपासून आणि उघडपणे केलंय. तिथल्या कपाटांमध्ये शेकडो पुस्तकं असतात, खरोखर वाचता येणारी, आणि ती एकमेकांना खोडून काढतात. एका राज्याचा इतिहासकार ज्याला मुक्तिदाता म्हणतो त्याला दुसऱ्याचा इतिहासकार लुटारू म्हणतो. लेखकांनी पहिल्यापासून वाचकाला सवय लावली की इथे लिहिलेलं सगळं कुणीतरी, कशासाठीतरी लिहिलंय.

त्यामुळे त्यांना एक अफलातून गोष्ट पचवता आली. १९९६च्या ‘डॅगरफॉल’ या भागाला अनेक शेवट होते. खेळाडू जे निवडेल ते खरं. पुढचा भाग काढताना प्रश्न आला की यातला नेमका कुठला शेवट इतिहासात धरायचा? एक धरला तर बाकीचे खेळाडू खोटे पडणार. त्यांनी सांगितलं, सगळेच शेवट घडले. काळाची वीण काही काळ उसवली आणि परस्परविरोधी घटना एकाच वेळी खऱ्या ठरल्या. २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये काळ असा उसवण्याबद्दलची पुस्तकं सापडतात आणि ती लिहिणारे विद्वानही बुचकळ्यात पडलेले आहेत.

यावर हमखास आक्षेप येतो की असं असेल तर काहीही खपवता येईल. आक्षेप बरोबर आहे. काळाची वीण दर दोन वर्षांनी उसवायला लागली तर कुणीही शिवणाऱ्याकडे बघेल. ही युक्ती एकदा चालते, फार तर दोनदा. २०१४मध्ये ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ आला तेव्हा त्यांनी दुसरा, कमी दिमाखदार पण जास्त शहाणा मार्ग घेतला. गोष्ट आधीच्या गेमच्या सुमारे हजार वर्षं मागे नेली. ज्या कालखंडाबद्दल जुन्या भागांत फारसं काही लिहिलेलंच नव्हतं तो निवडला. रिकामं पान मिळालं की लिहिणाऱ्याचा हात मोकळा होतो.

## जगच बुडवून टाकलेला गेम

सप्टेंबर २०१०मध्ये ‘फायनल फँटसी १४’ आला आणि आपटला. इतका की कंपनीनं माफी मागितली आणि डिसेंबरमध्ये सूत्रं नाओकी योशिदा यांच्याकडे दिली. त्यांनी ठरवलं की गेम पुन्हा पहिल्यापासून बांधायचा. पण जे थोडे निष्ठावान लोक या पडक्या गेममध्ये खेळत होते त्यांच्या आठवणींचं काय करायचं? ‘तो गेम विसरा’ म्हणणं सोपं होतं.

योशिदांच्या चमूनं जुन्या जगाचा अंत हीच गोष्ट केली. आकाशात डालामुड नावाचा तांबडा चंद्र महिन्यामहिन्यानं मोठा दिसू लागला. ११ नोव्हेंबर २०१२ला सर्व्हर बंद झाले आणि खेळाडूंनी चित्रफितीत पाहिलं की तो चंद्र फुटला, आतून बाहामुट हा महाकाय ड्रॅगन निघाला आणि जग होरपळलं. शेवटच्या क्षणी एका वृद्ध ऋषितुल्य माणसानं नायकांना काळापलीकडे फेकून वाचवलं. २७ ऑगस्ट २०१३ला नवा गेम सुरू झाला तेव्हा त्या जगात पाच वर्षं उलटली होती.

इथवर कुणीही चांगला लेखक पोचला असता. त्यापुढची बारीक कलाकुसर मला जास्त भावते. नव्या गेममधल्या लोकांना आठवतं की प्रलयाच्या वेळी आपल्यासाठी काही वीर लढले होते. पण त्यांचे चेहरे आठवायला गेलं की डोळ्यांसमोर उन्हाची तिरीप आल्यासारखं होतं, नावं ओठांवर येऊन विरतात. असं का? कारण काही खेळाडू जुन्या गेममधलं आपलं पात्र घेऊन आले होते आणि लाखो नवे होते. जुन्यांना ‘तुम्हाला कुठेतरी पाहिलंय’ असं म्हटलं जातं. नव्यांना काही खटकत नाही. एकाच संवादात दोघांचीही सोय. खातं हलवण्याचा रूक्ष तांत्रिक प्रश्न, आणि त्यातून त्या जगाची सगळ्यांत हळवी जखम तयार झाली.

## ऐकत नाहीत ते खेळाडू

आतापर्यंत आपण लेखकांबद्दल बोललो. पण गोष्टीचा आणखी एक मालक असतो, आणि त्याच्या हातात तलवार असते.

अल्टिमा ऑनलाइनच्या चाचणीत, ९ ऑगस्ट १९९७ला, गेमचा निर्माता रिचर्ड गॅरियट स्वतः ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या रूपात प्रजेला दर्शन द्यायला आला होता. या राजाला मरण नाही, अशी सोय होती. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा चालू झाला होता आणि ती सोय परत लावायची राहून गेली. एका खेळाडूनं चोरलेल्या मंत्राच्या गुंडाळीतून आगीचा लोळ फेकला आणि राजा कोसळला. कुठल्याही लेखकानं हे लिहिलं नव्हतं. आज त्या गेमची लिहिलेली कथा आठवणारे कमी आणि हा प्रसंग सांगणारे अनेक.

याहून गुंतागुंतीचा प्रसंग ‘अ‍ॅशरन्स कॉल’चा. हा गेम दर महिन्याला कथा पुढे नेई. २०००मध्ये कथा अशी ठरली की एका महाराक्षसाला जखडून ठेवणारे स्फटिक खेळाडू एकेक करून फोडणार आणि राक्षस सुटणार. सगळ्या सर्व्हरवर ठरल्याप्रमाणे झालं. थिसलडाउन नावाच्या एका सर्व्हरवर मात्र खेळाडूंनी शेवटच्या स्फटिकाभोवती पहारा बसवला. आम्ही याला फोडू देणार नाही! पाळ्या लावून, दिवसरात्र. आता पंचाईत अशी की बाकी सर्व्हरवर पुढचा अध्याय तयार आहे आणि इथे राक्षस अजून कोंडलेला. शेवटी कंपनीच्या माणसांना स्वतः गेममध्ये उतरावं लागलं. स्फटिक फुटला, गोष्ट ठरल्या वाटेवर आली. पण त्या सर्व्हरवर पहारेकऱ्यांचं एक स्मारक उभारलं गेलं.

तिथल्या खेळाडूंचा पराभव लेखकांनी लिहून ठेवला होता, पण त्यांचा प्रतिकार पुसून टाकला नाही. गेम २०१७मध्ये कायमचा बंद झाला, तरी ही गोष्ट लोक अजून सांगतात.

## अहो, पण खेळच आहे ना?

हा सर्वांत नेहमीचा आक्षेप. काल्पनिक बुटका मेला काय आणि जगला काय.

रात्री झोपताना गोष्ट ऐकणारं लहान मूल आठवा. आजीनं राजाच्या घोड्याचा रंग बदलला की ते ताडकन उठून बसतं : काल तर तू काळा म्हणालीस! घोडा खोटा आहे हे त्यालाही माहीत असतं. पण काल रात्री ते त्या काळ्या घोड्यावर बसून गेलं होतं. गेममध्ये हे शंभरपट होतं. कादंबरीतला प्रसंग तुम्ही वाचलेला असतो. गेममधला प्रसंग तुम्ही केलेला असतो, बहुधा मित्रांबरोबर, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून. तो नंतर ‘तसा घडलाच नव्हता’ असं ठरलं तर लेखकानं आपल्या मते एक ओळ खोडलेली असते, पण खेळाडूच्या लेखी त्याच्या आठवणीला हात लागलेला असतो.

## सगळं एका वहीत लिहून ठेवलं की झालं

ठेवतातच. मोठ्या कंपन्यांमध्ये कथेची अंतर्गत संदर्भवही असते, आणि ती सांभाळायला खास माणसंही नेमतात. पण वहीत नोंदलं जातं ते महत्त्वाचं वाटलेलं. कोपऱ्यातल्या गडावरचा म्होरक्या महत्त्वाचा आहे हे आधी कुणाला तरी वाटायला हवं. खेळाडूंनी चालवलेले विकी, म्हणजे कुणालाही भर घालता येणारे ऑनलाइन माहितीकोश, या बाबतीत कंपनीच्या वहीपेक्षा सरस ठरतात, कारण तिथे हजार जणांना हजार वेगवेगळ्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

संगणकालाच हे काम द्या, असंही हल्ली सुचवलं जातं. जुळणारी-न जुळणारी वाक्यं शोधायला तो उपयोगी पडेलही. पण जुलै २०२३मधली गंमत विसरू नये. वॉरक्राफ्टच्या खेळाडूंना संशय आला की एक बातम्यांचं संकेतस्थळ त्यांच्या गप्पा यंत्राकडून उचलून लेख पाडतंय. त्यांनी मुद्दाम ‘ग्लोर्बो आला!’ म्हणून आनंदोत्सव सुरू केला. ग्लोर्बो नावाचं काहीही अस्तित्वात नव्हतं. संकेतस्थळावर ग्लोर्बोच्या आगमनाचा लेख झळकला. खेळाडूंपैकी कुणीही क्षणभरसुद्धा फसलं नसतं.

## मग बदलूच नये का?

न बदलणारे जुने गेम लोकांना हवेही असतात. २०१३मध्ये ‘रूनस्केप’नं २००७च्या ऑगस्टमधली जपून ठेवलेली प्रत पुन्हा चालू केली, २०१९मध्ये वॉरक्राफ्टनं आपलं जुनं रूप परत आणलं, आणि दोन्हीकडे गर्दी लोटली. पण गंमत अशी की रूनस्केपच्या त्या जुन्या प्रतीतही पुढे नव्या मोहिमा आल्याच. आता एकाच जगाचे दोन इतिहास वेगवेगळ्या वाटांनी चाललेत. लोकांना गोठलेलं जग हवं होतं असं नाही, त्यांना आपण ज्या वळणावर होतो तिथून पुढे जायचं होतं.

मी स्वतः हे गेम खेळतो त्याहून त्यांच्या गोष्टी वाचतो जास्त, त्यामुळे माझं मत जरा बाहेरच्या माणसाचं समजा. बदलाबद्दल माझी तक्रार नसते. तो कुणाच्या खर्चानं होतो हे मी पाहतो. फुटलेल्या रत्नात आणि तांबड्या चंद्रात लेखकांनी नवं काहीतरी घडवून त्याची किंमत भरली. ड्रेनायांच्या वेळी एका माणसानं आपली लाज पणाला लावून भरली. टायटनांच्या इतिहासात मात्र बिल वाचकांच्या नावावर फाडलं, कारण तो ग्रंथ खरा मानून विकत घेतला होता त्यांनी.

लाल शर्टवाल्या मुलाचं पुढे काय झालं ते राहिलंच. नवा भाग आला तेव्हा बुटक्यांच्या राजधानीत, आयर्नफोर्जच्या सिंहासनाच्या दालनात, वाइल्डहॅमर कुळासाठी फॉल्स्टॅड आला. त्याच्याजवळ आणखी एक छोटं पात्र उभं केलेलं होतं. अंगात लाल शर्ट, आणि हुद्दा : वाइल्डहॅमर तथ्य-तपासनीस.